वाकळीला खिळे नकोत, नेफा हवा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या काही काळात बेळगाव शहरात आणि आसपासच्या गावांत महिला बचत गटांच्या वस्तूंची जी प्रदर्शने भरतात, त्यांत पापड, लोणची, मसाले आणि कापडी पिशव्या यांच्या बरोबरीने हाताने शिवलेल्या वाकळा, म्हणजे गोधड्याही विक्रीला दिसू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या वस्तूला कालपर्यंत कोणी किंमत देत नव्हते, ती आता पुण्या-मुंबईचे पाहुणे आणि इथलीच नवी घरे बांधणारी मंडळी चांगले पैसे मोजून नेतात, आणि त्यांतले पुष्कळजण ती अंथरायला किंवा पांघरायला न नेता दिवाणखान्यातील भिंतीवर लावण्यासाठी नेतात. तथापि या वाकळा प्रदर्शनात ज्या रीतीने टांगलेल्या असतात आणि टांगण्याची काहीही सोय न करता जशाच्या तशा गिऱ्हाइकाच्या हाती दिल्या जातात, ती रीत पाहून शिवणकामात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या बाईला गप्प बसवत नाही. आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या वाचकांत वाकळ शिवणाऱ्या, विकणाऱ्या, विकत घेणाऱ्या आणि प्रदर्शने भरवणाऱ्या अशा चारही तऱ्हेच्या व्यक्ती असल्यामुळे हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

अशा एका प्रदर्शनात मी एक वाकळ जवळून पाहिली. तिच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत मांडवाच्या लाकडी चौकटीला ठोकलेले दोन खिळे होते, मधल्या भागाला आधार नव्हता, त्यामुळे वरची कड झोळीसारखी खाली लोंबली होती. डाव्या कोपऱ्यातला खिळा इरकली लुगड्याच्या लाल काठातून गेला होता. वाकळ सकाळपासून लटकत असल्याने खिळ्याचे गोल भोक दुपारपर्यंत लांबट झाले होते. त्याच्या वरच्या टोकाला आडवे धागे एकावर एक गोळा झाले होते आणि खाली नुसते उभे धागे उरले होते. आतल्या थराचा फिकट निळा रंग त्या फटीतून दिसत होता. ज्या बाईने ती शिवली ती शेजारीच उभी होती. भिंतीवर ही कशी लावायची, असे एका गिऱ्हाइकाने तिला विचारले, तेव्हा तिने त्या खिळ्यांकडेच बोट दाखवले, आणि त्यात तिचा काही दोष नाही, कारण वाकळ शिवायला तिला आई-आजीने शिकवले, टांगायला कोणीच शिकवले नाही. तशी गरजच पूर्वी नव्हती.

आपल्याकडची वाकळ कशी घडलेली असते हे ध्यानात घेतले म्हणजे खिळ्याने असे का होते ते समजते. जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकावर एक पसरून, कच्चे टाके घालून, मग कडेपासून कडेपर्यंत धावदोऱ्याच्या ओळी घातल्या जातात. बहुतेक वाकळांत कापूस भरलेला नसतो; ऊब येते ती थरांमुळे. चार-पाच लुगड्यांची मोठी वाकळ तीन-साडेतीन किलो सहज भरते. कापड वर्षानुवर्षे धुतलेले, म्हणजे मऊ, पण धाग्याचा दम गेलेला. साडेतीन किलो वजन दोन खिळ्यांवर टाकले, की पावणेदोन किलोचा भार अशा जुन्या कापडाच्या मूठभर धाग्यांवर येतो. तेच वजन पाच फूट रुंदीच्या वाकळीच्या पाठीमागे शिवलेल्या नेफ्यातून, म्हणजे दांडी ओवायच्या कापडी नळीतून, सगळ्या रुंदीवर वाटले, तर दर इंचामागे जेमतेम साठ ग्रॅम येते. कागद लावायच्या लोखंडी चिमट्यांनी किंवा दोरीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी टांगलेल्या वाकळीची गतही फारशी वेगळी नसते. भोक पडत नाही एवढेच, पण दर दोन चिमट्यांमध्ये कड लोंबते आणि ती सुरकुती पुढे इस्त्रीनेही जात नाही. जुन्या घरांत माळ्याखाली दोरांनी बांधलेली वलणी असे आणि दिवसा सगळ्या वाकळा तिच्यावर घडी घालून टाकलेल्या असत. त्या वलणीने कधी वाकळ फाडली नाही, कारण सगळे वजन आडव्या काठीवर सारखे पडत होते. नेफा आणि दांडी ही त्याच वलणीची सुधारलेली तऱ्हा म्हणता येईल.

वाकळ ही अंगावर घ्यायची वस्तू, तिला भिंतीवर कशाला चढवायचे, असा प्रश्न काही वडीलधारी माणसे विचारतात. त्यांचे म्हणणे मला मनापासून पटते, आणि ज्यांच्या घरी वाकळ अजून रोज अंथरली जाते त्यांच्यासाठी हे पत्र नाहीच. परंतु विकत घेणाराने तिचे काय करावे हे आपण ठरवू शकत नाही. तो भिंतीवर लावणार हे ठाऊक असताना ती तशी लावता येईल अशी तयार करून देणे हे विकणाऱ्याचे काम आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. भिंतीवर जायच्या नव्या वाकळीचे शेवटचे काम म्हणजे कड बांधणे, आणि आपल्याकडे तिथेच घाई होते. पुष्कळ ठिकाणी वरच्या थराचे कापड मागे वळवून टीप मारली जाते. अंथरुणात ते चालून जाते. उभ्या भिंतीवर मात्र कडेची प्रत्येक लाट चार हातांवरून दिसते. म्हणून कड बांधण्यापूर्वी वाकळ फरशीवर सपाट पसरून तिची लांबी आणि रुंदी कडेला न मोजता मधोमध मोजावी, कारण शिवताना कडा ताणल्या जातात आणि मधले माप खरे राहते. दोन्ही कर्ण मोजून ते सारखे येतात का हे पाहावे. थोडा फरक असेल तर गुण्या (काटकोनी पट्टी) लावून, खडूने आखून तेवढीच कड छाटावी. किनारीची पट्टी मधल्या मापाएवढीच घ्यावी आणि कडेला जे जादा भरेल ते टाचण्या लावून त्या मापात सारखे बसवावे. पट्टी कडेच्या कलाने सोडत गेले की लाट कायमची शिवली जाते.

पट्टीसाठी नवे, पण धुऊन खळ काढलेले आणि आटवलेले सुती कापड घ्यावे. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब वाकळीचा घेर चोवीस फूट, म्हणजे 288 इंच होतो. कोपरे आणि जोड धरून 300 इंच पट्टी लागते. 44 इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडातून तीन इंच रुंदीच्या आठ पट्ट्या कापल्या की हे काम होते आणि त्याला पाऊण मीटर कापड पुरते. पट्ट्यांचे जोड सरळ न देता तिरके द्यावेत, नाहीतर जोडाच्या ठिकाणी आठ पदर एकावर एक येऊन गाठ झाल्यासारखे दिसते. पट्टीची उभी दुहेरी घडी करून इस्त्री फिरवावी, तिची उघडी कड वाकळीच्या दर्शनी बाजूच्या कडेशी जुळवून मशीनने टीप घालावी, आणि घडीची कड मागे वळवून हाताने तुरपाई करावी. मागची बाजूही मशीनने शिवली तर काम लवकर होते, हे खरे. पण जाड वाकळीत मशीनची मागची टीप पुढे कुठे उमटेल याचा नेम नसतो, म्हणून मी तरी हाताचाच आग्रह धरते. सरळ कडांसाठी उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीची मुळीच गरज नाही. उरेब कापड ताणले जाते, जास्त लागते, आणि सरळ कडेवर त्याचा काही उपयोग नाही. ती गळ्या-बाह्यांना शोभते.

कोपरा हा शिवणारीची परीक्षा पाहणारा भाग आहे. टीप घालत कोपऱ्यापाशी आले की कडेपासून शिलाईचे जेवढे अंतर धरले असेल तेवढे अंतर आधी थांबावे आणि दोन टाके मागे घेऊन दोरा तोडावा. वाकळ फिरवून पट्टी पुढच्या कडेच्या रेषेत सरळ वर दुमडावी, म्हणजे कोपऱ्यात तिरकी घडी पडते. मग ती बोटाने दाबून धरून पट्टी पुन्हा खाली, पुढच्या कडेशी जुळवून घ्यावी आणि टीप अगदी वरच्या टोकापासून सुरू करावी. पट्टी मागे वळवली की दोन्ही बाजूंना कोपरा तिरक्या रेषेत आपोआप बसतो. ती तिरकी रेघ हाताने दोन-चार टाके घालून मिटवावी. उघडी ठेवली तर धूळ तिच्यातच जाऊन बसते.

नेफ्याचे काम मात्र किनार पूर्ण होण्याच्या आधी योजलेले बरे, म्हणजे त्याची वरची कड किनारीच्या टिपेत पकडता येते. तयार वाकळीला नंतर लावायचा असेल तरी अडत नाही, आणि बहुतेकींना तसाच लावावा लागणार आहे, म्हणून तीच रीत सांगते. पाच फूट, म्हणजे 60 इंच रुंदीच्या वाकळीला नऊ इंच रुंद आणि 60 इंच लांब मांजरपाटाची (साध्या कोऱ्या सुती कापडाची) पट्टी घ्यावी. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच असा दोनदा मोडून शिवले की लांबी 58 इंच राहते आणि वाकळीच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळा उरतो. मग लांब कडा एकमेकींना जोडून पट्टीची नळी करावी. नळीची जी बाजू वाकळीला टेकणार ती चार इंच आणि भिंतीकडची साडेचार इंच राहील अशा घड्या इस्त्रीने पाडाव्यात, आणि जोड वाकळीच्या बाजूला येऊ द्यावा. हा अर्ध्या इंचाचा फरक बारीक वाटतो, पण सगळे त्यातच आहे. दांडीची जाडी त्या ढिलाईत सामावते आणि वाकळीचा दर्शनी भाग सपाट राहतो. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या तर दांडी वाकळीलाच पुढे ढकलते आणि वरच्या बाजूला आडवा उंचवटा दिसत राहतो.

नेफा वाकळीच्या वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली ठेवून, दुहेरी दोऱ्याने, जवळजवळ टाके घालत हाताने शिवावा. सुई मागचा थर आणि त्याच्या आतला एखादा थर एवढेच घेईल, पुढे येणार नाही, हे जपावे लागते. त्यासाठी डाव्या हाताचे मधले बोट दर्शनी बाजूने टाक्याच्या बरोबर खाली ठेवायचे, म्हणजे सुईचे टोक पुढे येऊ लागताच बोटाला कळते. नुसत्या मागच्या एका थरावर टाके घेतले तर सगळे वजन त्या एका जुन्या लुगड्यावर येते आणि काही महिन्यांत तो थर बाकीच्यांपासून सुटू लागतो. दर हातभर अंतरावर टाका मागे घेऊन पक्का करावा, म्हणजे दोरा एका ठिकाणी तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. नेफ्याच्या दोन्ही टोकांना वाकळीला टेकलेली बाजूही शिवून टाकावी. ती मोकळी राहिली तर दांडी घालणारा माणूस हमखास नेफा आणि वाकळ यांच्या मधून दांडी घालतो. वाकळ सहा फुटांहून रुंद असेल तर नेफा दोन भागांत करून मध्ये चार इंच जागा सोडावी, म्हणजे त्या ठिकाणी दांडीला तिसरा आधार देता येतो. आणखी एक नेफा खालच्या कडेला शिवला तर उत्तमच: काही महिन्यांनी वाकळ उलटी फिरवून लावता येते आणि वजन सतत एकाच बाजूने ओढत राहत नाही.

दांडी 59 इंचांची असावी, म्हणजे नेफ्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच बाहेर येते, आणि तरीही वाकळीच्या आड लपते. विजेच्या वायरिंगची प्लास्टिकची नळी स्वस्त मिळते, परंतु पाच फुटांत ती मध्ये वाकते. ॲल्युमिनियमची चौकोनी नळी सगळ्यांत बरी. लाकडी पट्टी घेतली तर तिला पॉलिश कागदाने घासून व्हार्निशचे दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावे, कारण कच्च्या लाकडातून येणाऱ्या आम्लाने आणि चिकाने सुती कापडावर तपकिरी डाग पडतात आणि ते धुऊनही जात नाहीत. खानापूरकडचा बांबू सरळ आणि चांगला वाळलेला असेल तर हरकत नाही, पण त्याची पेरे घासून गुळगुळीत करावीत आणि भुंगा लागलेला नाही ना हे पाहून घ्यावे. जुन्या मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही. भोक पाडून प्लग बसवावा आणि स्क्रूने ब्रॅकेट लावावे. ब्रॅकेट असे घ्यावे की वाकळ आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर तरी वारा खेळेल.

हे सगळे नव्या वाकळीविषयी झाले. घरातल्या जुन्या वाकळीला, विशेषतः जी आजी किंवा पणजीच्या हातची आहे तिला, किनार सरळ करण्यासाठी कात्री लावू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिची कड वाकडी असेल तर वाकडी राहू द्यावी. फक्त नेफा सरळ रेषेत बसवावा. त्यासाठी वाकळ फरशीवर पसरून वरच्या दोन कोपऱ्यांच्या आत खडूने माखलेली दोरी ताणून रेघ मारून घ्यावी आणि नेफा त्या रेघेवर शिवावा, म्हणजे नक्षी ओळंब्यात राहते. कापड फारच विरलेले असेल, हात लावताच धागे सुटत असतील, तर नेफा थेट वाकळीला न शिवता पाठीमागे धुतलेल्या मांजरपाटाचे पूर्ण अस्तर द्यावे, ते धावदोऱ्याच्या मूळ ओळींच्या मधूनमधून टाके घेऊन वाकळीला जोडावे आणि नेफा त्या अस्तराला लावावा. टांगण्याआधी धुवायचा मोह होतो. तो आवरावा. निदान पांढऱ्या सुती कापडाचा ओला बोळा प्रत्येक रंगावर, विशेषतः लाल काठावर, दाबून पाहावा. बोळ्याला रंग लागला तर ती वाकळ पाण्यात घालू नये, मऊ जाळी पसरून तिच्यावरून व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर फिरवावा. जी धुता येते तीही दोरीवर वाळत घालू नये, कारण ओल्या वाकळीचे वजन कोरडीपेक्षा खूपच जास्त होते आणि ते दोरीच्या एका रेषेवर येते. सावलीत, चादरीवर, सपाट वाळवावी.

इथे सिद्दी भगिनींच्या कामाचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. आफ्रिकन वंशाचा हा समाज शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आणि आपल्या खानापूर तालुक्यातही राहतो. 2020 पासून बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचाही अनुसूचित जमातींत समावेश झाला आहे. त्यांच्या वाकळेला ते कवंदी म्हणतात. कवंदीची शिवण एका कोपऱ्यापासून निघते, कडेकडेने फिरत आत आत येते आणि मध्यभागी संपते. म्हणजे आपण जे काम सर्वांत शेवटी करतो, ते कडेचे काम तिच्यात पहिल्यांदाच होऊन जाते. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी उघडी समजली जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रूअल यांनी या कामाचा अभ्यास केला, 2004 मध्ये सिद्दी महिलांची वाकळ शिवणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि या कवंद्या अमेरिकेतील प्रदर्शनांत भिंतींवर लागल्या. आपल्या प्रदर्शनांत मात्र एका कवंदीची फुले किनारीच्या नव्या पट्टीखाली दडपून शिवलेली मी पाहिली आहेत, बहुधा कोणा हौशी मार्गदर्शकाच्या सल्ल्याने. कवंदीला आपल्या पद्धतीची किनार लावण्याचे काहीच कारण नाही. तिला फक्त नेफा द्यावा, आणि तोही फुलांच्या खालून, म्हणजे वरच्या कडेपासून दीड-दोन इंच सोडून, जेणेकरून कोपरे मोकळे राहतील.

आपल्या हवेचा विचार तर प्रत्येकाने करावाच. बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरच्या भिंतींना ओल येते आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला तर घरातली चप्पलही बुरशी धरते. अशा दिवसांत बाहेरच्या, विशेषतः पश्चिमेकडच्या भिंतीवर वाकळ ठेवू नये. मृगाआधी उतरवावी, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेले सुती कापड गुंडाळून तिच्यावर दर्शनी बाजू बाहेर येईल अशी गुंडाळावी आणि जुन्या धोतरात बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच घालू नये. आत कोंडलेली दमट हवाच बुरशीला पुरते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवावा, कापडाला लागू देऊ नये. दसऱ्याला बाहेर काढली की ओल नाही ना हे पाहून पुन्हा लावावी. यातून वाकळीला उजेडापासूनही तीन-चार महिने विश्रांती मिळते, आणि ती आवश्यकच असते: संग्रहालयांत कापडी वस्तूंवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, आपल्या खिडकीजवळच्या भिंतीवर त्याच्या कितीतरी पट पडतो. थेट ऊन येणारी भिंत म्हणूनच वर्ज्य समजावी. स्वयंपाकघराकडची भिंतही नको. फोडणीचा धूर कापडात बसला की निघत नाही.

वाकळीच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात सुती कापडाचा एक तुकडा शिवून त्यावर शिवणारीचे नाव, गाव, वर्ष आणि कोणते कापड वापरले एवढे दोऱ्याने भरून लिहावे. बॉलपेनची शाई पसरते आणि चिकटवलेल्या कागदाचा गोंद कापडात उतरतो. नाव मराठीत लिहावे, कन्नडमध्ये लिहावे, दोन्हींत लिहावे. पाट्यांवरून आपल्याकडे पुरेसे वाद झाले आहेत, वाकळीच्या पाठीवर तरी कोणी हरकत घेणार नाही अशी आशा आहे. आज वाकळ विकली जाते तेव्हा गिऱ्हाइकाला गटाचे नाव कळते, शिवणाऱ्या बाईचे नाही, आणि ही मला फार अनुचित गोष्ट वाटते.

आता पैशांचे. किनार नीट बांधणे, नेफा हाताने शिवणे आणि नाव भरणे यांत दोन दिवस तरी जातात, आणि मांजरपाट, किनारीचे कापड, दोरा यांचा खर्च वेगळा. हा भार शिवणारीने आपल्या मजुरीतून सोसावा अशी अपेक्षा कोणी करू नये. ज्या वाकळीला नेफा आहे तिच्या किमतीच्या चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे आणि त्याचे दाम वेगळे दाखवून घ्यावे. भिंतीसाठी वाकळ शोधणारे गिऱ्हाईक ते आनंदाने देईल असा माझा अनुभव आहे, कारण घरी नेऊन शिंप्याला शोधत फिरण्याचा त्याचा त्रास वाचतो. ज्याला पांघरायला हवी त्याने नेफ्याशिवायची, कमी किमतीची घ्यावी. किमतीची चिठ्ठी मात्र टाचणीने वाकळीला टोचू नये. दमट हवेत लोखंडी टाचणीला गंज चढतो आणि त्याचा डाग कायमचा राहतो. चिठ्ठी दोऱ्याने दांडीला बांधावी.

प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळांना आणि बचत गटांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की, मांडवाच्या आणि विजेच्या खर्चाबरोबर पंधरा-वीस दांड्या आणि त्यांचे ब्रॅकेट किंवा दोऱ्या यांचीही तरतूद करावी. एकदा घेतलेल्या दांड्या वर्षानुवर्षे टिकतात आणि एका प्रदर्शनातून दुसऱ्याला देता येतात. ज्या वाकळींना नेफा नाही त्या टांगू नयेत. टेबलावर स्वच्छ चादर अंथरून घडी घालून ठेवाव्यात आणि गिऱ्हाइकाने मागितल्यावर दोघींनी दोन बाजूंनी धरून उलगडून दाखवाव्यात. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गटांतील भगिनींना नेफा शिवण्याची रीत तासाभरात शिकवता येईल. अनगोळ, वडगाव, शहापूर या भागांत कोणी अशी सोय केल्यास मी कोणतेही मानधन न घेता येऊन शिकवायला तयार आहे. सुई, दोरा आणि नमुन्याचे नेफे माझे मी घेऊन येईन, आयोजकांनी फक्त सगळ्यांना पाय पसरून बसता येईल एवढी सतरंजी घालावी.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिवणशिक्षिका,
अनगोळ, बेळगाव